पूल, रणगाडा आणि साबणाची वडी

"अरे तो नाही का, ज्यात शेवटी पूल उडवतात, तो वॉर पिक्चर!"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की मी मोजणं सोडून दिलंय. सिनेमावेडा अशी एकदा ख्याती झाली (आमच्या घरात तिला ख्याती म्हणत नाहीत, रिकामटेकडेपणा म्हणतात) की लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठतात. विचारणारा बहुतेक पन्नाशीच्या पुढचा. पिक्चर कॉलेजात असताना मॅटिनीला पाहिलेला. नाव आठवत नाही, नट आठवत नाही, पण पूल मात्र डोळ्यांसमोर लख्ख उभा!

आता पुलाचं कसं आहे बघा. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) मध्ये पूल आहे. 'फॉर हूम द बेल टोल्स' (१९४३) मध्ये आहे, पण ते स्पेनचं यादवी युद्ध. 'द ब्रिज ॲट रेमॅगन' (१९६९) मध्ये जर्मन पूल उडवायला बघतात आणि तो उडत नाही. 'अ ब्रिज टू फार' (१९७७) मध्ये तर पुलामागून पूल आहेत. 'फोर्स टेन फ्रॉम नॅव्हरोन' (१९७८) मध्ये पुलाच्या जोडीला धरणही आहे. शिवाय 'डी ब्रुके' (१९५९) नावाचा एक जर्मन सिनेमा आहे, त्यात सात शाळकरी पोरं एक बिनमहत्त्वाचा पूल राखत बसतात, आणि तो पाहिल्यावर दोन दिवस जेवण जात नाही. म्हणजे 'पूल उडवतात तो' हे वर्णन 'कुर्ल्याला राहतात ते जोशी' इतपतच उपयोगाचं.

या सगळ्या शोधाशोधीतून माझं एक ठाम मत झालंय, आणि तेच इथे मांडायचंय. नाव विसरलेला युद्धपट शोधायचा असेल तर लढाईबद्दल विचारू नका. लढाई सगळीकडे सारखीच असते. रणगाडे येतात, बाँब पडतात, खंदकात एक जण बायकोचा फोटो काढून बघतो आणि पुढच्या पाच मिनिटांत मरतो. विचारायचं ते वेगळंच. "एखादी वस्तू आठवते का? घरात असते तशी, साधी?"

कैदी पँटच्या पायातून भुयाराची माती बागेत सांडत फिरतात असं कुणी सांगितलं की तो 'द ग्रेट एस्केप' (१९६३), दुसरा असूच शकत नाही. लहान पोरं मेलेल्या प्राण्यांसाठी क्रूस गोळा करून स्मशान मांडतात, तो फ्रेंच 'फॉरबिडन गेम्स' (१९५२). गोळ्यांचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी घालून हलवून पितात, तो जपानी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८). वस्तू सापडली की सिनेमा सापडतो. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) ती वस्तू बहुतेक वेळा त्या सिनेमाचं सारच असते. चाळीस-पन्नास वर्षं माणसाचं डोकं चाळणी होऊन सगळं गाळत असतं, नावं जातात, तारखा जातात, तरी एक साबणाची वडी राहते. ती उगाच राहत नाही.

साबणाची वडी म्हणालो, कारण आता अण्णामामांबद्दल सांगायचंय.

अण्णामामा माझ्या आईचे थोरले भाऊ. रेल्वेत माल खात्यात नोकरी केली, भुसावळ, नागपूर, इगतपुरी असं अर्धं आयुष्य मालधक्क्यांवर काढलं. आता ऐंशी उलटलीय. दोन-तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की विस्मरणाची सुरुवात आहे. आणि एकदा असं सांगितलं गेलं की घरात काय होतं हे ज्यांच्याकडे वडीलधारी माणसं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. त्या माणसाचं प्रत्येक वाक्य तपासलं जाऊ लागतं. मामा म्हणाले की दूधवाल्याचे पैसे दिलेत, तर कुणीतरी हळूच दूधवाल्याला विचारून येतं. वाईट हेतूने नाही, काळजीनेच. पण त्यांना ते कळतं.

तर हे अण्णामामा एक सिनेमा सांगायचे. एक कोवळा पोरगा असतो, लढाईवर. रणगाडा त्याच्या मागे लागतो आणि धावता धावता सगळं जगच उलटं होतं. मग त्याला सुट्टी मिळते. घरी आई असते, घराचं छप्पर गळत असतं, ते शाकारायला म्हणून तो निघतो. वाटेत मालगाडीच्या डब्यात गवताचे भारे, त्यात एक पोरगी. कुणीतरी त्याच्याजवळ साबण दिलेला, पोचवायला. एक पाय तुटलेला शिपाई भेटतो. या सगळ्यात सुट्टी संपते. घरी पोचतो तेव्हा आई शेतात. ती धावत येते, आणि तो तिला एक मिनिट भेटून परत जातो. छप्पर तसंच. शेवटी स्टेशनवर एक पोरगी सगळ्या शिपायांना फुलं वाटते.

घरातल्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. भाच्याने 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) लावून दिला, कारण त्यात शिपायाला आईकडे परत पाठवायचं असतं. मामांनी अर्ध्या तासात बंद करायला लावला. कुणी 'हकीकत' (१९६४) म्हणालं, कुणी 'उसने कहा था' (१९६०). मामा म्हणाले, "हिंदी असता तर मला नाव आठवलं नसतं होय!"

मग घरात हळूहळू एक मत तयार झालं, की असा सिनेमाच नाही. त्याला कारणही होतं. १९७४ साली मामांची नागपूरहून इगतपुरीला बदली झाली. हजर व्हायची तारीख डोक्यावर होती. वाटेत पाचोऱ्याला उतरून ते गावी गेले, दोन गाड्यांच्या मधला काय तो वेळ. आजी घरी नव्हती, कापूस वेचायला गेली होती. कुणीतरी निरोप दिला, तशी ती ओट्यात कापूस घेऊनच धावत आली. चहासुद्धा झाला नाही. मामांना गाडी गाठायची होती. त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी आजी गेली. आमच्या गावच्या घराची कौलं गळायची हेही खरं, आणि मामा जन्मभर मालगाड्यांतच वावरले हेही खरं. तेव्हा सगळ्यांना वाटलं की मामा आता स्वतःचंच आयुष्य सिनेमा म्हणून सांगताहेत. "त्यांना आईची आठवण येते आणि ती अशी बाहेर पडते," असं मावशी म्हणाली. ऐकायला किती शहाणं वाटतं नाही! पण त्याचा अर्थ एवढाच होता, की त्यांच्या म्हणण्यावर आमचा विश्वास नाही.

मी मामांशेजारी बसून माझे ठरलेले प्रश्न काढले. कुठे पाहिला? पुण्यात, शिकायला होते तेव्हा, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. साल १९६९ च्या आसपास. हे कळल्याबरोबर 'प्रायव्हेट रायन'च काय, त्यानंतरचं सगळंच बाद झालं. रंगीत का? नाही. भाषा? कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. त्या काळात आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना परदेशी वकिलातींकडून सिनेमे मिळायचे, आणि त्यात रशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांचा भरणा मोठा. मग मी वस्तूकडे वळलो.

"मामा, तो साबण कुणाला द्यायचा होता?"

"दुसऱ्या एका शिपायाच्या बायकोला. पण तो तिला देतच नाही. तिथे दुसरा पुरुष असतो. हा साबण उचलतो आणि चालू पडतो. मग त्या शिपायाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो."

संपलं! विस्मरण झालेला माणूस हे असं सांगत नाही. तो सिनेमा म्हणजे ग्रिगोरी चुखराय या सोव्हिएत दिग्दर्शकाचा 'बॅलड ऑफ अ सोल्जर', १९५९ सालचा. पोराचं नाव आल्योशा, वय एकोणीस. दोन जर्मन रणगाडे तो निकामी करतो. सेनापती त्याला पदक द्यायला निघतो, तर हा म्हणतो की त्यापेक्षा आईला भेटायला रजा द्या, छप्पर दुरुस्त करायचंय. सहा दिवस मिळतात, दोन जायला, दोन यायला आणि दोन छपराला. ते सहा दिवस वाटेत भेटणाऱ्या माणसांमध्ये खर्च होतात. रणगाडा मागे लागतो तेव्हा कॅमेरा खरोखरच फिरतो, आभाळ खाली आणि जमीन वर होते. मामांचं 'जग उलटं होतं' हे अगदी शब्दशः खरं होतं. आल्योशाचं काम करणारा व्लादिमीर इवाशोव आणि मालडब्यातली शुरा झालेली झान्ना प्रोखोरेंको, दोघंही तेव्हा अगदी नवखी होती. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि ते फार बरं वाटतं.

इंटरनेटवर सिनेमा मिळाला. एका रविवारी दुपारी मामा, मावशी, भाचा आणि मी असे बसलो. मामा काही बोलले नाहीत. साबण आला तेव्हा फक्त मावशीकडे एकदा बघितलं. शेवटी आई शेतातून धावत येते. बोलायला काही मिनिटंच असतात, आणि ती विचारते काय, तर तू आता दाढी करतोस का, सिगरेट ओढतोस का! जगातल्या कुठल्याही आईने हेच विचारलं असतं. मावशीने पदर डोळ्यांना लावला.

पण सिनेमा संपला आणि मामा म्हणाले, "ती फुलंवाली पोरगी कुठाय?"

फुलंवाली पोरगी नव्हतीच. खोलीत जरा शांतता पसरली. भाच्याने माझ्याकडे जे बघितलं त्याचा अर्थ, बघ, म्हणजे थोडं तरी बनवलेलं आहेच, असा होता.

मला मात्र ती पोरगी ओळखीची होती. ती 'द क्रेन्स आर फ्लाइंग' (१९५७) या सिनेमातली वेरोनिका. दिग्दर्शक मिखाईल कलातोझोव, नटी तात्याना सामोइलोवा. या सिनेमाला १९५८ साली कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. तिचा बोरिस लढाईवर जातो. युद्ध संपतं, गाडी भरून शिपाई परत येतात, ती हातात फुलं घेऊन स्टेशनवर त्याला शोधत राहते. तो आलेला नाही, येणारही नाही, हे तिला तिथे पक्कं कळतं. मग ती ती फुलं येणाऱ्या अनोळखी माणसांना वाटत सुटते. याही सिनेमात एक जग फिरण्याचा प्रसंग आहे. बोरिसला गोळी लागते तेव्हा बर्चची उंच झाडं गरगर फिरायला लागतात. दोन्ही सिनेमे सोव्हिएत, दोन्ही काळे-पांढरे, दोन्हींत एक कोवळा शिपाई आणि दोन्हींत आभाळ फिरतं. मामांना विचारलं, तर ते म्हणाले की तेव्हा सोसायटीने त्याच आठवड्यात आणखीही एक-दोन रशियन सिनेमे दाखवले होते. पन्नास-पंचावन्न वर्षांत या दोन कहाण्यांचा सांधा जुळला तर त्यात नवल काय!

खरी गोष्ट पुढे आहे. 'बॅलड ऑफ अ सोल्जर' सुरू होतो तेव्हाच निवेदक सांगून टाकतो, की हा मुलगा परत आलेला नाही, परदेशी मातीत कुठेतरी पुरला गेलाय. आई गावाबाहेरच्या रस्त्याकडे बघत उभी असते, आणि मग गोष्ट मागे जाते. म्हणजे आपण पूर्ण सिनेमा त्याचं मरण माहीत असूनच बघतो. मामांच्या सांगण्यात हे कधीच नव्हतं. त्यांच्या आठवणीतला पोरगा मेलेला नाही. तो आईला भेटून परत गेला, आणि पुढे स्टेशनवर शिपाई परत आले, फुलं वाटली गेली. त्यांच्या डोक्याने एका सिनेमातलं मरण गाळलं आणि दुसऱ्या सिनेमातली फुलं आणून तिथे लावली. हे कुणी ठरवून करत नाही. पण ज्याची स्वतःची एक भेट दोन गाड्यांच्या मधे आटोपली, त्याच्या आठवणीने हे केलं, याला नुसती चूक म्हणून कसं चालेल?

म्हणून माझ्या मताचा दुसरा भाग. अर्धवट आठवणाऱ्या सिनेमातले चुकीचे तपशील फेकून देऊ नयेत. नाव शोधायला बरोबर तपशील लागतात, पण माणूस कळायला चुकलेले तपशील उपयोगी पडतात. सिनेमा सांगणारा तुम्हाला दोन गोष्टी सांगत असतो, एक पडद्यावरची आणि एक त्याच्या आत पडून राहिलेली. आपण घाईघाईने "अहो तसं नाहीये ते" म्हणतो आणि दुसरी गोष्ट तिथेच बंद पडते.

आजकाल तर घाई आणखी वाढलीय. मोबाइलवर चार शब्द टाकले की यंत्र एका क्षणात नाव सांगतं, ते चुकलेलं असलं तरी त्याच आत्मविश्वासाने सांगतं. कधी कधी तर नसलेल्या सिनेमाचंही नाव देतं! मी यंत्राच्या विरोधात नाही, मीही वापरतो. पण यंत्र मामांना "तो साबण कुणाला द्यायचा होता?" असं विचारत बसलं नसतं. आणि त्या उत्तरात जो आनंद होता, आपल्याला नीट आठवतंय आणि कुणीतरी नीट ऐकतंय याचा, तो नाव मिळण्यापेक्षा मोठा होता.

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या रशियन सिनेमाचं नाव कळून करायचंय काय? प्रश्न रास्त आहे. तर माझं म्हणणं असं, की नाव हा पुरावा असतो. नाव सापडेपर्यंत मामा हे 'काहीबाही सांगणारे म्हातारे' होते. नाव सापडल्यावर ते १९६९ साली पाहिलेल्या सिनेमातला साबण कुणाच्या हाती गेला हे सांगणारे गृहस्थ झाले. त्यांचं विस्मरण गेलं असं नाही. कालचं जेवण ते आजही विसरतात. पण त्यांच्याकडे काही पक्कं शिल्लक आहे हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि दूधवाल्याकडची चौकशी जरा कमी झालीय.

शिवाय ही गोष्ट युद्धाच्या सिनेमांबद्दलही काही सांगते. चुखराय स्वतः त्या युद्धात लढलेला, जखमी झालेला माणूस. त्या युद्धात सोव्हिएत संघाची अंदाजे दोन कोटी सत्तर लाख माणसं मेली. इतका मोठा आकडा डोक्यात मावत नाही. चुखरायला लढाई दाखवायची असती तर त्याच्याजवळ काही कमी नव्हतं. पण त्याने सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर आघाडी दाखवलीच नाही. त्याने एक गळकं छप्पर दाखवलं, जे दुरुस्त व्हायचं राहून गेलं. पुण्यातल्या एका सभागृहात बसलेल्या खानदेशातल्या पोराला, रशियन भाषेचा एक शब्द कळत नसताना, ते कळलं. पाच वर्षांनी पाचोऱ्याजवळच्या कापसाच्या शेताशी ते पुन्हा कळलं. मामा मला म्हणाले, "त्या दिवशी गाडीत बसलो तेव्हा वाटलं, हे आपण आधी पाहिलंय." म्हणजे घरातल्यांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. त्यांनी आयुष्याचा सिनेमा केला नव्हता. सिनेमा आधी आला होता, आयुष्य मागाहून.

असो. फार लांबलं. तुमच्याही घरात कुणीतरी असा एखादा पिक्चर अधूनमधून सांगत असेल, नाव नसलेला, धड शेंडा-बुडखा नसलेला. पुढच्या वेळी ते सांगायला लागले की मोबाइल जरा बाजूला ठेवा. लढाई कोणाकोणाची होती ते विचारू नका. त्यात कुणाच्या हातात काय होतं, ते विचारा. आणि उत्तर मिळालं की लिहून ठेवा, चुकलेलं असलं तरी.